कामाच्या फायलींचा बॅकअप कोल्हापूरच्या बाहेर कसा ठेवायचा: क्लाउड सिंक नीट वापरूया

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला गेली की इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पण पाठ असतंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये परत शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी या भागात शिरलं. पाणी चढायला लागलं की दुकानदार माल उचलतो, कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर नेतो आणि बॅकअपची हार्डडिस्क बहुतेक वेळा त्याच कपाटात राहते. आणि समजा सगळं वर नेलं, काहीच भिजलं नाही, तरी लाईट नाही, गल्लीत पाणी, शिरोलीजवळ हायवे बंद, म्हणजे फायली सुरक्षित आहेत पण तुमच्या हाताला लागत नाहीत, आणि तिकडं पुण्याचा ग्राहक ड्रॉइंग मागतोय. म्हणून एक कॉपी शहराच्या बाहेर पाहिजेच, आणि छोट्या धंद्याला त्यासाठी सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सचं सिंक, म्हणजे मशीनवरच्या फोल्डरची कॉपी इंटरनेटवरून त्या कंपनीच्या सर्व्हरवर (क्लाउडवर, पुढं नुसतं "वर") आपोआप जात राहणं. फक्त ते कसं चालतं हे समजून लावायला पाहिजे, नाहीतर बॅकअप आहे असं वाटत राहतं आणि प्रत्यक्षात नसतो.

आधी जागेचं बघा. गूगलवर फुकट १५ जीबी मिळतात पण त्यात जीमेल आणि फोटो पण धरलेले असतात, वनड्राइव्हवर ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्सवर २ जीबी. बिलं, कोटेशन, एक्सेल, टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) एवढंच असेल तर १५ जीबी पुरतात. डीटीपी, आर्किटेक्ट किंवा फोटो-व्हिडिओवाल्यांना नाही पुरणार, त्यांनी सरळ पैसे भरून प्लॅन घ्या, त्यात कंजुषी नको. जागा भरली की सिंक थांबतं, कोपऱ्यात छोटी सूचना येते आणि आपण ती बंद करून टाकतो, आणि तिथून पुढचं काम वर जातच नाही.

खातं धंद्याच्या नावानं वेगळं काढा. पोराच्या किंवा कामावरच्या माणसाच्या पर्सनल जीमेलवर दुकानाचा डेटा अजिबात ठेवू नका.

मग काय काय ठेवायचं ते ठरवा, आणि इथं खरंच वेळ द्या. डी ड्राइव्हवर "कामे" असं एकच मोठं फोल्डर करा आणि चालू काम सगळं त्यातच सेव्ह करायची सवय लावा, कारण अर्धं डेस्कटॉपवर, अर्धं डाउनलोड्समध्ये, काही व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये असं असेल तर कुठलंच सिंक तुम्हाला वाचवत नाही. पत्रिका छापणाऱ्यांनी आणि डीटीपीवाल्यांनी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फायलींबरोबर फॉन्टचं फोल्डर पण घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या मशीनवर जुन्या मराठी फॉन्टमधली फाईल उघडली की सगळी अक्षरं भलतीच दिसतात आणि ऐन लग्नसराईत परत टाईप करत बसावं लागतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या मशीनशॉपवाल्यांनी लक्षात घ्या, सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) मशीनच्या कंट्रोलरमध्ये पडलेला प्रोग्रॅम आपोआप कुठंच जात नाही, तो आधी पीसीवर "कामे" मध्ये उतरवून घ्यायला लागतो. मशीनवर केलेली शेवटची दुरुस्ती तिथंच राहून जाते आणि जुनाच प्रोग्रॅम क्लाउडवर असतो, हे लई ठिकाणी होतंय.

गूगल ड्राइव्हचं डेस्कटॉप ॲप टाकलं की त्याच्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटरवरचं फोल्डर जोडायची सोय आहे, तिथं "कामे" निवडा आणि ड्राइव्हबरोबर सिंक करा असं सांगा. फोल्डर आहे त्याच जागी राहतं आणि त्याची कॉपी वर जाते. दुसरी पद्धत म्हणजे ॲप जो नवीन ड्राइव्ह दाखवतं त्यातच काम करायचं, पण तिथं स्ट्रीम आणि मिरर असे दोन पर्याय असतात. स्ट्रीममध्ये फाईल दिसते तुमच्या मशीनवर पण असते फक्त वर. मूळ फोल्डर तिकडं हलवलं आणि इकडचं डिलीट केलं की दोन नाही, एकच कॉपी राहिली. मिररमध्ये फाईल मशीनवर पण असते आणि वर पण, म्हणून कामाच्या फायलींना मिररच लावा. वनड्राइव्हमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडायचं, ढगाचं चिन्ह जाऊन हिरवी टिक आली म्हणजे फाईल मशीनवर पण आहे.

पहिला अपलोड रात्री लावा. १०० जीबी डेटा आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस धरला तर साधारण ११ तास लागतात. नंतर रोज बदललेल्या फायलीच जातात, ते कळत पण नाही.

टॅलीचं मात्र वेगळं आहे. टॅलीचं चालू डेटा फोल्डर थेट सिंकमध्ये टाकू नका. कंपनी उघडी असताना फायली सतत बदलत असतात, एकातलं नवीन आणि दुसऱ्यातलं जुनं असं वर जाऊ शकतं आणि तो डेटा परत उघडेलच याची खात्री नाही. टॅलीप्राइममध्ये अल्ट आणि वाय दाबा, बॅकअप निवडा आणि तो "कामे" मधल्या "टॅली बॅकअप" फोल्डरला द्या. रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी, आणि प्रत्येक दिवसाला तारखेचं वेगळं फोल्डर, २०२५-०६-०७ असं वर्ष आधी लिहून, म्हणजे क्रमानं लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिंक म्हणजे इकडं जे होईल ते तिकडं पण होणार. तुम्ही फाईल पुसली की वरची पण पुसली जाते, कुणी चुकीचं एक्सेल सेव्ह केलं की वर पण चुकीचंच, आणि रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस) आला तर कुलूप लागलेल्या फायली पण इमानदारीत वर जातात. यातून वाचवतं ते ट्रॅश आणि जुन्या आवृत्त्या, पण त्यांना मुदत आहे. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाईल ३० दिवसांनी कायमची जाते, एक्सेल, पीडीएफ असल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या पण साधारण ३० दिवसच ठेवल्या जातात. आणि जीएसटीचा कायदा सांगतो की हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपा. २०२२-२३ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत भरायचं होतं, म्हणजे तो डेटा ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत पाहिजे. ३० दिवसांच्या आठवणीवर ७२ महिन्यांची जबाबदारी टाकून कसं चालेल?

म्हणून सिंकच्या जोडीला तारखेची झिप (सगळ्या फायली एकात बांधलेली फाईल) करा. आठवड्यातून एकदा "कामे" ची ७-झिपनं पासवर्ड लावून एक फाईल बनवा आणि ती सिंकच्या बाहेर, वेबसाईटवरून हातानं दुसऱ्या एखाद्या खात्यात टाका. त्या खात्यात तुमचं मशीन कायम लॉगिन नसावं, म्हणजे मशीनवर काही झालं तरी तिथपर्यंत पोचत नाही. मार्च संपून वर्ष बंद झालं की एक वर्षाची झिप, ती पुसायचीच नाही. आणि त्याचीच कॉपी एका हार्डडिस्कवर, जी एरवी काढून ठेवलेली असते, दुकान शाहूपुरीत असेल तर राजारामपुरीच्या उंच भागातल्या घरी किंवा गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडं. क्लाउड असताना डिस्क कशाला असं विचारतात लोक. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, ज्यांचा बॅकअप पण त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. एकाच जागेवर भरवसा नको, मग ती जागा केवढी का मोठी असेना.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवरच पाहिजे असा नियम आहे, २०२२ पासून "रोज" हा शब्द त्यात आलाय, तेव्हा आधी सीए साहेबांना विचारून सेवा निवडा.

खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर ओटीपीची दुसरी पायरी) लावाच, पण ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोनच पाण्यात गेला तर तुम्हीच बाहेर अडकता. गूगल ओटीपीऐवजी चालणारे बॅकअप कोड देतं, ते छापून त्या हार्डडिस्कबरोबरच दुसऱ्या घरी ठेवा. झिपचा पासवर्ड पण तिथंच लिहून ठेवा, आणि घरातल्या किंवा धंद्यातल्या अजून एका माणसाला हे सगळं कुठं आहे ते सांगा. झिपसाठी जे दुसरं खातं काढलंय त्यात अधूनमधून लॉगिन करत राहा, दोन वर्षं न वापरलेलं पर्सनल खातं गूगल पुसू शकतं.

शेवटचं काम मे महिन्यात, पावसाच्या आधी करा. दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बसा, खात्यात शिरा, मागच्या महिन्यातली एक कोरल किंवा ऑटोकॅडची फाईल आणि एक टॅलीचा बॅकअप उतरवा, रिस्टोअर करा आणि बॅलन्स जुळतंय का, अक्षरं नीट दिसतात का, ड्रॉइंगची मापं बरोबर येतात का बघा. जे उघडलं नाही ते त्याच दिवशी दुरुस्त करा.