स्नीकरचं स्केच: तीन मिनिटांत, खोडरबराशिवाय

मी काढलेल्या पहिल्या स्नीकरला दोन संध्याकाळी लागल्या. सोलच्या कडेची शिलाई टाका-टाका मोजून काढली होती. लेसच्या प्रत्येक भोकाला धातूची कडी होती आणि कडीवर चकाकीसुद्धा होती. चित्र बघून मैत्रिणीने एवढंच विचारलं, "यात बोटं कुठे जाणार?" पुढचा भाग इतका चपटा झाला होता की त्यात अंगठासुद्धा मावला नसता. दोन संध्याकाळी मी शिलाई काढत बसले होते, आणि बूट काढायचा राहूनच गेला होता.

भराभर काढण्याचा खरा फायदा इथे आहे. तीन मिनिटांत शिलाईपर्यंत पोहोचताच येत नाही, त्यामुळे आधी आकाराचाच निर्णय घ्यावा लागतो. शिवाय तीन मिनिटांचं चित्र फसलं तर पान उलटून पुढे जाता येतं. दोन संध्याकाळींचं फसलं की माणूस त्याची बाजू मांडत बसतो. मीही बसले होते.

काय घ्यायचं

प्रिंटरचा साधा ए-फोर कागद, बॉलपेन, फिकट राखाडी रंगाचा एक मार्कर आणि फोनमधला टायमर. एवढं पुरतं.

बॉलपेनच का? कारण हलक्या हाताने धरलं की ते पुसट उमटतं आणि दाबलं की गडद. चाचपडण्याची रेघ आणि ठरलेली रेघ एकाच पेनातून निघते. जेलपेनात ही सोय नाही, ते पहिल्या स्पर्शालाच ठासून बोलतं. पेन्सिल आवडत असेल तर घ्या, पण खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवून या. आणि कोणी भेट दिलेली जाड कागदाची सुंदर वही असेल, तर ती सध्या बंदच राहू द्या. अशा वहीचं पान खराब करायला हात धजत नाही, आणि आपल्याला तर पानं खराबच करायची आहेत.

कागद आडवा धरा आणि त्याचे सहा चौकोन करा, दोन उभ्या रांगांत तीन-तीन. घडी घालून केले तरी चालतील. प्रत्येक चौकोनात साधारण 11-12 सेंटिमीटर लांबीचा बूट बसतो. याहून लहान काढला तर नुसती बोटं हलतात आणि रेघ कुरतडल्यासारखी येते. या मापात मनगट आणि कोपर हलवावंच लागतं.

आधी अर्धा मिनिट नुसतं बघा

पायातला एक बूट काढून टेबलावर डोळ्यांच्या पातळीला ठेवा, बाहेरची बाजू आपल्याकडे करून. पेन खाली ठेवा आणि चार गोष्टी शोधा.

पहिली: बुटाचं नाक जमिनीला टेकलेलं नाही. चवड्यापर्यंत सोल जमिनीवर असतो आणि तिथून पुढे थोडा वर उचललेला असतो. बूट ज्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बनतो, त्या लास्टमध्येच हा उचल असतो, म्हणून चालताना पाऊल पुढे सहज लोळतं. माझ्या त्या पहिल्या बुटात नेमकं हेच नव्हतं. नाक सपाट आलं की बूट इस्त्रीसारखा दिसतो.

दुसरी: टाचेमागची रेघ सरळ उभी नसते. खाली ती बाहेर फुगते आणि वर जाताना आत वळते, कारण टाचेचं हाड गोल असतं आणि त्यावरचा स्नायुबंध आत असतो.

तिसरी: पाय घालायची कड घोट्यापाशी खाली उतरते. स्वतःचे घोटे चाचपून बघा. बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली असतं, म्हणून बाहेरच्या बाजूची कडही जास्त खोल उतरवावी लागते. हे एकदा बोटांना कळलं की हातातून ती वळणदार रेघ आपोआप येते.

चौथी: जिभेपासून नाकापर्यंतचा उतार घसरगुंडीसारखा एकसारखा नसतो. तो आधी किंचित फुगीर असतो, चवड्याच्या वर जरा बसका होतो आणि बोटांवर पुन्हा वर येतो. मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या फुगवट्यात आहे.

पहिला बूट: रेघांचा क्रम

टायमर तीन मिनिटांवर लावा.

सुरुवात सोलपासून करा. लोगोपासून तर अजिबात नको. टाचेकडून निघा, चवड्यापर्यंत जवळजवळ सरळ या आणि मग वर उचला. ही रेघ कागदाला न टेकवता हवेत दोनदा फिरवून घ्या आणि तिसऱ्यांदा टेकवा. चुकली तर तिच्याच शेजारून दुसरी ओढा. तीन-चार पुसट रेघांतली बरोबर कोणती ते डोळ्याला लगेच दिसतं. त्या एकीवर जोर द्या, बाकीच्या राहू द्या. पुसट रेघा नंतर उपयोगीच पडतात, कधीकधी त्यांतूनच पुढचा बूट निघतो.

मग टाचेची रेघ वर न्या. किती वर? घोट्याखालच्या बुटाची टाचेकडची उंची, सोल धरून, लांबीच्या साधारण एक तृतीयांश असते. पट्टी लावू नका, अंदाज घ्या. तिथून कड खाली उतरवा, पुन्हा चढवा, जिभेचं टोक काढा आणि उतारावरून नाकापर्यंत एका दमात या. बाह्याकार झाला. इथवर चाळीस-पन्नास सेकंद लागायला हवेत.

आता सोलची वरची कड. ही रेघ मला सगळ्यात आवडते, कारण बूट कशासाठी आहे ते तीच सांगते. धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा 8 ते 12 मिलिमीटर उंच असते, म्हणून तिथे सोल मागे जाड आणि पुढे बारीक होतो. जुन्या पद्धतीच्या कॅनव्हासच्या किंवा स्केटबोर्डच्या बुटात तो टाचेपासून नाकापर्यंत जवळपास सारख्याच जाडीचा असतो. वरचा बूट तोच ठेवून फक्त ही एक रेघ बदलून बघा.

आतल्या भागांसाठी बूट मनातल्या मनात तिघांत वाटा. पुढचा भाग बोटांचा, मधला लेसचा आणि मागचा टाचेचा व घोट्याचा. टोकॅप, म्हणजे बोटांवरचा तुकडा, पुढच्या भागात येतो, लेसची पट्टी मधल्या भागात आणि टाचेला धरून ठेवणारा कडक तुकडा मागच्या भागात. पहिला आणि दुसरा भाग जिथे भेटतात, तिथे पाय दुमडतो. आपल्या जुन्या बुटावर पडलेली सुरकुती बघा, ती तिथेच असते. त्या जागी जाड, कडक तुकडा काढू नका. असा बूट कागदावर भारदस्त दिसतो आणि पायाला चावतो.

लेस बांधत बसायचं नाही. चार-पाच तिरके फटकारे मारा आणि पुढे जा. कोणालाही ती लेसच वाटते.

टायमर वाजला की थांबा, मधली रेघ अर्धवट असली तरी. पहिल्या दिवशी हे जिवावर येतं. तरीही थांबा.

राखाडी मार्करची पंधरा सेकंदं

रंग नकोत. रंग आले की निवड आली आणि निवड आली की तास गेला. राखाडी मार्कर तीनच ठिकाणी फिरवा: पाय घालायच्या तोंडाच्या आत, वरचा भाग सोलला भेटतो त्या खोबणीत आणि बुटाखाली जमिनीवर. जमिनीवरची सावली टाचेखाली अगदी चिकटलेली असू द्या, आणि नाकाच्या उचललेल्या भागाखाली कागदाची पाचरीसारखी पांढरी फट सोडा. त्या फटीमुळे बूट तरंगत नाही, उभा राहतो. सपाट रेघांचं चित्र एकदम वस्तूसारखं दिसायला लागतं, आणि कष्ट जवळपास शून्य.

एका बुटात एकच कल्पना

आकार जमू लागला की डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी येतात: पट्टा, खिडकी, जाळी, झिप, दोन रंगांचा सोल. सगळ्या एकाच बुटात कोंबल्या की कुठलीच दिसत नाही. सहा चौकोन आहेत, वाटून टाका.

नावाजलेल्या बुटांकडे या नजरेने बघितलं तर बहुतेकांची कल्पना एका वाक्यात सांगता येते. नायकी कंपनीचे डिझायनर टिंकर हॅटफिल्ड मूळचे वास्तुरचनाकार. पॅरिसमधल्या पाँपिदू या कलाकेंद्राचे नळ आणि सांगाडा इमारतीच्या बाहेर, उघड्यावर आहेत. ते बघून त्यांनी 1987 च्या एअर मॅक्स 1 मध्ये सोलला खिडकी पाडली आणि आतली हवेची पिशवी दिसू दिली. बाकी बूट तसा साधाच आहे. 1995 च्या एअर मॅक्ससाठी सर्जिओ लोझानो यांनी मानवी शरीर घेतलं: फासळ्या, पाठीचा कणा, स्नायूंचे थर. बाजूच्या लाटांसारख्या पट्ट्या तिथून आल्या. आणि व्हॅन्सच्या ओल्ड स्कूलवरची ती वळणदार पट्टी? 1977 साली आलेल्या त्या बुटावरची ही पट्टी मुळात कंपनीचे संस्थापक पॉल व्हॅन डोरेन यांनी सहज गिरगटलेली रेघ होती.

तेव्हा चौकोनाच्या कोपऱ्यात आधी दोन-तीन शब्द लिहा: 'शंख', 'पावसाळी छत्री', 'घडीची खुर्ची'. मग त्या वस्तूचं चित्र बुटावर चिकटवू नका, तिची एक रीत उचला. छत्रीचं कापड काड्यांमध्ये ताणलेलं असतं, तसं बुटाचं कापड कशात ताणता येईल? शंख एका टोकाभोवती उलगडत जातो, तशा टाचेपासून पट्ट्या उलगडतील का? एका मिनिटात याचं उत्तर बरं येवो की वाईट, ते कागदावर येतं, आणि डोक्यात नुसतं घोळवत बसण्यापेक्षा हे बरं.

वेळ कमी करत जा

पहिलं पान तीन मिनिटांच्या सहा बुटांचं. दुसरं पान एक-एक मिनिटाचं. तिसरं तीस सेकंदांचं. तीस सेकंदांतले बूट बहुतेक बटाट्यासारखे येतात, तो निव्वळ व्यायाम समजा. पण त्यानंतर पुन्हा एका मिनिटावर आलात की ते मिनिट प्रशस्त वाटतं. माझे बरे बूट जवळपास सगळे त्या परतीच्या पानावरचे आहेत.

प्रमाणं फारच चुकत असतील तर सरळ मार्ग आहे. आपल्या बुटाचा बाजूने फोटो काढा, छापा, बाह्यरेषा जाड मार्करने गिरवा आणि ते पान पातळ कागदाखाली ठेवा. मग बाह्याकाराची चिंताच उरत नाही, सगळं डोकं आतल्या रेघांना देता येतं. ही लबाडी नव्हे. बुटांचे डिझायनरही लास्टची बाह्यरेषा खाली ठेवून काढतात, कारण पाय काही दर वेळी नव्याने शोधायचा नसतो.

टॅबलेटवर काढणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे खोडरबरापेक्षा 'अन्डू' वाईट आणि त्याहून वाईट झूम. दोन बोटांनी चित्र मोठं केलं की आपण पुन्हा टाके मोजायला लागतो. एकच लेयर, एकच ब्रश, पूर्ण पान दिसेल एवढाच आकार.

समोरून-तिरकं दिसणारं चित्र काढायचा मोह लवकर होतो. पन्नासेक बाजूचे बूट होईपर्यंत तो आवरा. तिरक्या चित्रात प्रमाणाची लढाई इतकी मोठी असते की डिझाइन बाजूलाच राहतं.

निवड दुसऱ्या दिवशी

काढल्या-काढल्या निवडू नका. त्या क्षणी शेवटचा बूटच सगळ्यात चांगला वाटतो. पानावर तारीख टाका, बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी हातभर अंतरावरून बघा, मग पान उलटं धरून बघा. उलटं धरलं की बूट ओळखीचा राहत नाही, नुसते आकार दिसतात. कुठे जड झालंय, कुठे रेघ मोडलीय, ते कळतं.

बहुतेक वेळा अख्खा बूट निवडण्यासारखा नसतोच. तिसऱ्याची टाच चांगली असते, पाचव्याचं नाक. दोन्हींवर गोल करा, वर पातळ कागद ठेवा आणि ते दोन तुकडे एका बुटात जुळवा. या वेळी दहा मिनिटं घ्या. बाण काढून बाजूला साध्या शब्दांत लिहा: 'इथे जाळीचं कापड', 'हे रबर वरपर्यंत', 'इथे दुमडतं, मऊ ठेवा'. एखादा बाण 'इथे काय ते कळत नाही' असं म्हणत असेल तर तोही ठेवा. आतली बाजू, मागची बाजू आणि तळ काढायला घ्याल तेव्हा सुरुवात त्याच बाणापासून करा.