युद्धपटातून सैनिकाचे मन कसे समजून घ्यावे

26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टच्या निमित्ताने धुळे-जळगावकडे महाविद्यालयात किंवा वाचनालयात एखादा युद्धपट दाखवला जातो, आणि नंतरची चर्चा बहुधा कोणती चौकी कोणी राखली आणि कोणत्या संवादाला टाळ्या पडल्या यावरच संपते. युद्धाने सैनिकाच्या मनाचे काय होते हे ज्यांना त्याच चित्रपटांतून आणि गाण्यांतून समजून घ्यायचे आहे, त्यांनी लढाईची दृश्ये बाजूला ठेवून सैनिक घरी, सुट्टीवर किंवा छावणीत रिकामा बसलेला असतो ते प्रसंग आधी निवडावेत. रणांगणावर माणूस काय करतो हे बरेचसे प्रशिक्षणाने ठरलेले असते. प्रशिक्षणाचे काम संपले की मग त्याचे मन दिसू लागते.

उदाहरण म्हणून ‘द हर्ट लॉकर’ हा 2008 सालचा चित्रपट घ्यावा. इराकमध्ये बॉम्ब निकामी करणारा त्यातला सार्जंट घरी परततो आणि दुकानात न्याहारीच्या सिरियलचे एक खोके आणायला जातो, तेव्हा रंगीत खोक्यांनी भरलेल्या लांबच लांब फळ्यांसमोर तो नुसता उभा राहतो. येथे चित्रपट थांबवावा आणि उपस्थितांना एकच प्रश्न विचारावा, की क्षणार्धात जीवनमरणाचा निर्णय घेणाऱ्या या माणसाला एक खोके का उचलता येत नाही. ‘तो घाबरला आहे’ असे उत्तर बहुधा पहिले येईल, पण तेवढ्यावर थांबू नये. जिथे प्रत्येक निवडीवर कोणाचा तरी जीव अवलंबून होता तिथून आलेल्या माणसाला, जिथे कशावरच काही अवलंबून नाही असे शांत जग परके वाटते, आणि म्हणूनच शेवटी तो पुन्हा युद्धावर जातो.

आठवणींसाठी त्याच वर्षीचा ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ हा इस्रायली ॲनिमेशनपट घ्यावा. त्यातल्या एका माजी सैनिकाच्या स्वप्नात सव्वीस कुत्री धावून येतात. आकडा इतका नेमका असण्याचे कारण असे, की 1982 च्या लेबनॉन युद्धात याच्याकडून माणसांवर गोळी झाडली जाणार नाही असे साथीदारांनी ओळखले होते, म्हणून गावात शिरण्यापूर्वी भुंकणारी कुत्री मारण्याचे काम त्याला दिले होते, आणि त्याला त्यांतले प्रत्येक कुत्रे आठवते. उलट, ज्याला तो हे स्वप्न सांगतो त्या दिग्दर्शकाला स्वतःला त्या युद्धातले काहीच आठवत नाही. या दोघांना शेजारी ठेवून पाहावे, कारण एकाला विसरता येत नाही आणि दुसऱ्याला आठवत नाही, तरी घाव एकाच जातीचा आहे. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’, म्हणजे युद्धाचा मानसिक धक्का, बसलेल्या सैनिकांवर भित्रेपणाचा संशय घेतला जाई. पीटीएसडी, म्हणजे भीषण अनुभवानंतर मनात टिकून राहणारा आघातजन्य विकार, या निदानाला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्थान मिळायला 1980 साल उजाडावे लागले. भीतीइतकीच आपल्या हातून घडलेल्या गोष्टीची बोचही माणसाला खाते, हे त्या कुत्र्यांच्या स्वप्नावरून चर्चेत आणावे.

गाणे ऐकताना ते कोण, कोणाला उद्देशून आणि कोठून म्हणत आहे, हे आधी टिपावे. 1962 च्या युद्धावरील ‘हकीकत’ या 1964 च्या चित्रपटातले, रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर यांनी मिळून गायलेले ‘होके मजबूर’ हे गाणे यासाठी उत्तम आहे. त्यात सैनिक स्वतःच्या दुःखाविषयी जवळजवळ काही बोलत नाहीत. दूर राहिलेली प्रिया आपल्यावाचून कशी झुरत असेल याचीच कल्पना करत राहतात, आणि स्वतःला रडता येत नाही म्हणून तिला रडवतात. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गाणी म्हणत वाढलेल्या बायका हे आडवळण फार लवकर पकडतात, म्हणून त्यांना मागच्या रांगेत बसवू नये. आपल्या हिंदी युद्धपटांत विरहाला गाणे हमखास मिळते, भीतीला मात्र क्वचितच मिळते, हेही त्यांच्याशी बोलताना निघते.

चर्चेला गावातल्या माजी सैनिकांना अवश्य बोलवावे. हुद्दा कोणताही असला तरी गाव त्यांना मेजरच म्हणते, पण त्या हाकेबरोबर ‘मेजर, किती जणांना उडवलं?’ हा प्रश्न येऊ न देण्याची जबाबदारी संयोजकाची आहे. कोणते प्रसंग दाखवणार ते त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन सांगावे, दाराजवळची खुर्ची द्यावी, आवाज माफक ठेवावा, आणि दिवाळीत किंवा लग्नसराईत, जेव्हा बाहेर कोणत्याही क्षणी सुतळी बॉम्ब वाजू शकतो, असा कार्यक्रम ठेवूच नये. मध्येच कोणी उठून गेले तर माईकवरून हाका मारू नयेत. चित्रपटाला टोकाचा माणूस लागतो. परतलेले बहुसंख्य सैनिक शेती, नोकरी आणि संसार नीट सांभाळतात, तेव्हा पडद्यावरचे माप लावून मेजरांमध्ये आजार शोधत बसू नये.

मात्र एखाद्याच्या घरून झोप उडणे, आवाजाने दचकणे, माणसे टाळणे, विनाकारण संताप किंवा वाढलेली दारू अशी तक्रार महिनाभरानंतरही कायम असल्याचे कळले, तर चर्चासत्रात उपचार करू पाहू नये. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा विनाशुल्क क्रमांक, जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ आणि माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे दवाखाने यांची माहिती एका कागदावर छापून ठेवावी. तो कागद सभेत सर्वांना सरसकट वाटावा, म्हणजे कोणा एकाकडे बोट दाखवल्यासारखे होणार नाही, आणि घरी जाताना तो बहुधा मेजरांच्या पत्नीच घडी घालून जवळ ठेवतील.