क्रीचर इफेक्ट्समध्ये यायचंय? मोटर राहू द्या, आधी मातीत हात घाला

क्रीचर इफेक्ट्स म्हणजे सिनेमातले प्राणी, राक्षस प्रत्यक्ष बनवून हलवायचं काम. त्यात येऊ बघणारी नवीन मुलं भेटली की बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच असतो, सर्वो मोटर (पपेटचे डोळे, जबडा हलवणारी छोटी मोटर) कोणती घेऊ? मी सांगते मोटर नंतर, आधी शिल्पकाम आणि मोल्डिंग, म्हणजे मातीच्या शिल्पावरून साचा काढणं, पक्कं करा. खऱ्या प्राण्यांच्या कवट्या, खांद्याचे स्नायू, गुरगुरताना नाकावर कुठे घड्या पडतात, हे सगळं बघून बघून स्केचबुकात काढायचं आणि मग मातीत. जगात नसलेला प्राणी पटतो तो आतली हाडं बरोबर असली तरच.

मोल्डिंगचा कंटाळा सगळ्यांनाच येतो पण काम तिथेच तरतं नाहीतर बुडतं. कातडीसाठी साच्यात ओततात त्या प्लॅटिनम सिलिकॉनला गंधकाचं वावडं असतं, क्ले गंधकवाली निघाली किंवा नुसता लॅटेक्सचा हातमोजा लागला तरी तेवढा भाग सेटच होत नाही, चिकट राहतो, आणि कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात. म्हणून सल्फर-फ्री क्ले, नायट्राइलचे मोजे, आणि शंका आली की आधी छोट्या तुकड्यावर टेस्ट, याला पर्याय नाही.

मटेरियल ठरवायच्या आधी शॉट काय आहे ते विचारा. फोम लॅटेक्स, म्हणजे स्पंजसारखं फुगवलेलं रबर, हलकं, ॲक्टरला घालून वावरता येतं, पण पाणी शोषतं. १९९३ च्या ज्युरासिक पार्कमध्ये पावसाच्या सीनला क्रीचर इफेक्ट्सवाल्या स्टॅन विन्स्टनच्या टीमने बनवलेला टी-रेक्स डायनासोर असाच भिजून जड झाला आणि थरथरायला लागला, मग टेकच्या मधे त्याला टॉवेलने पुसत बसावं लागायचं!

आणि डोळे. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो आणि तो जायलाच हवा. नजर खाली गेली की वरची पापणीपण तिच्यासोबत खाली यायला पाहिजे, ती जागच्या जागी राहिली की संपलं, समोर रबर दिसायला लागतं. शॉटच्या आधी डोळ्यांवर, हिरड्यांवर थोडं जेल लावून ओलावा आणायचा, लाइट त्यावर चमकला की जनावर जागं झाल्यासारखं वाटतं, मला अजूनही दर वेळी तेवढीच मजा येते.

बाकी रेझिन आणि स्प्रेचं काम रेस्पिरेटर लावूनच. लाइफकास्ट, म्हणजे जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा साचा, घेताना नाकपुड्या मोकळ्या ठेवायच्या आणि त्या माणसाला एक क्षणही एकटं सोडायचं नाही.

पोर्टफोलिओत नुसते फायनल फोटो नकोत, क्ले, मोल्ड, शिवण, रंग, सगळे टप्पे दाखवा, आणि एखादा तरी व्हिडिओ असा ठेवा ज्यात तुमचं पपेट काहीच करत नाहीये, फक्त श्वास घेतंय.