प्रकल्प माझा, पॅन संस्थेचं

३१ मार्च २०२३, शुक्रवार. आदल्या दिवशी रामनवमीची सुट्टी झालेली. दुपारी सव्वाचारला मी कॉलेजच्या ऑफिसात अण्णांच्या टेबलापाशी फोन कानाला लावून उभी, आणि पलीकडून कंपनीच्या अकाउंट्समधला एक मुलगा फार अदबीने सांगत होता, "मॅडम, करारावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाहीये. सिस्टिम पुढेच जात नाही." ६ लाख ४० हजार रुपये. मंजुरीपत्र आलेलं, प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये अभिनंदन केलेलं, पेढेही वाटून झालेले. संध्याकाळी सहापर्यंत ते पैसे दुसऱ्या कुठल्यातरी प्रकल्पाकडे वळले होते.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. प्रकल्प साधा होता: बावीस गावांतल्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि नायट्रेट बीएस्सीच्या मुलांकडून मोजून घ्यायचं आणि गावाला सांगायचं. तुमच्यापैकी जे पहिल्यांदाच कंपन्यांच्या आणि फाउंडेशनच्या दारात उभे राहणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायचा खर्च) म्हणजे काय, प्रस्तावात उद्दिष्टं कशी लिहायची, हे तुम्हाला येतंच. मलाही येत होतं. अडले ते भलतीकडेच.

आधी तो खड्डा दाखवते. पुन्हा पुन्हा तेच सांगतेय असं वाटलं तरी वाचा.

कॉलेज ही कायद्याच्या लेखी स्वतंत्र व्यक्ती नाही. गेटवर पाटी आहे, नॅकची श्रेणी आहे, प्राचार्यांचा गोल शिक्का आहे, बँकेत खातंसुद्धा आहे. तरीही नाही. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं चालवते ती शिक्षण संस्था, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली. पॅन तिचं, १२ए आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्याही तिच्याच. २०२१ च्या जानेवारीत सीएसआरचे नियम बदलले. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा पैसा घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांकही तिलाच मिळतो. शिवाय कंपनीने स्वतः काढलेली नसेल तर अशा संस्थेला तसल्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. करार मात्र मी प्राचार्यांच्या नावाने केला होता. कंपनीच्या सीएसआर विभागातल्या बाईंनाही ते खटकलं नाही, कारण त्यांनी प्रस्ताव वाचला होता. पॅन वाचतं ते अकाउंट्स, आणि अकाउंट्सचा नंबर लागतो सगळ्यात शेवटी.

बरं, संस्थेच्या नावाने करार बदलून घेऊ म्हटलं, तर संस्थेचा सीएसआर-१ नव्हताच. तो भरायला पदाधिकाऱ्याची डिजिटल सही लागते आणि वर सीए किंवा कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणन. आमचे सचिव वर्षभरापूर्वी निवडून आलेले. असा बदल झाला की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. तो कोणी केलाच नव्हता. म्हणजे कागदोपत्री सचिव अजून जुनेच, आणि ते तर दिवाळीत वारले होते. सव्वाचार वाजता मला हे सगळं कळलं. अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही आधी माझ्याकडे यायला हवं होतं."

यायलाच हवं होतं. मी सहा महिने विभागात बसून प्रस्ताव घासत होते, आणि ज्या माणसाला संस्थेच्या प्रत्येक कागदाचा ठावठिकाणा माहीत आहे, तो माझ्यापासून चाळीस पावलांवर बसला होता.

तेव्हा आजच एक काम करा. संस्थेच्या पॅनकार्डावर छापलेलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'शिक्षण प्रसारक मंडळ' आणि 'शिक्षण प्रसारक मंडळी' यांत आपल्याला फरक वाटत नाही, संगणकाला वाटतो. मग १२ए आणि ८०जीचे आदेश मागा आणि मुदत कधी संपते ते पाहा. त्यानंतर सीएसआर-१ आहे का, आणि शेवटचा चेंज रिपोर्ट मंजूर आहे की नुसता दाखल आहे, ते विचारा. "आहे आहे, सगळं आहे" हे उत्तर धरू नका. कागद हातात घ्या. आणि हा गुंता पैसे जमा झाल्यावरही संपत नाही: प्रकल्पातून घेतलेलं यंत्र संस्थेच्या मालकीचं दाखवावं लागतं, पावती संस्थेची जाते, खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्रही संस्थेच्याच नावाने. डेड स्टॉक रजिस्टरला विभागाचं नाव लिहून मोकळं होता येत नाही.

"आम्ही स्वायत्त आहोत, आमचं वेगळं" असं एका मैत्रिणीने सांगितलं. स्वायत्तता अभ्यासक्रमाची आणि परीक्षेची असते. पॅन बदलत नाही. विद्यापीठाच्या विभागात असाल तर तुमचं विद्यापीठ कायद्यानेच निर्माण झालंय, तीन वर्षांच्या अनुभवाची अट तुम्हाला नाही. पण तुमची फाइल कुलसचिव आणि वित्त व लेखा अधिकारी यांच्यामध्ये फिरते, आणि तिला लागणारा वेळ मी तुमच्यावर सोडते.

घाबरू नका. यातलं काहीच अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. आमच्या संस्थेला सगळे कागद सरळ करायला नऊ महिने लागले. हे नऊ महिने मंजुरीच्या आधी गेले असते तर कोणाला कळलंही नसतं.

आता कंपनी कुठली गाठायची. सगळे टाटा ट्रस्ट्स आणि इन्फोसिस फाउंडेशनची नावं घेतात. जरूर लिहा, पण तिथे रांग देशभराची असते. कंपनी कायद्याचं कलम १३५ काय म्हणतं ते नीट वाचा: ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक गोष्ट पुरते. म्हणजे तुमच्या एमआयडीसीतला सरासरी ५ कोटी नफ्याचा कारखानाही दोन टक्क्यांनी वर्षाला १० लाखांचं देणं लागतो. देणं ५० लाखांच्या आत असेल तर त्यांना सीएसआर समितीही नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. शिवाय कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदाच सांगतो. चहा पिऊन बोलता येईल असा माणूस दहा किलोमीटरवर असताना आम्ही मुंबईच्या मुख्य कार्यालयांना मेल पाठवत बसलो होतो. कंपनीच्या वेबसाइटवर मंजूर प्रकल्प टाकणं त्यांना बंधनकारक आहे, आणि केंद्राच्या सीएसआर पोर्टलवर कोणी कुठे किती खर्च केला तेही दिसतं. आधी ते बघा. ज्यांनी दहा वर्षं फक्त शाळांच्या खोल्या बांधल्यात त्यांच्याकडे विहिरींचं पाणी घेऊन जाऊ नका.

आणि फेब्रुवारीत तर जाऊच नका. "मार्चअखेरीस कंपन्यांकडे पैसे उरतात, तेव्हा गाठायचं" हा सल्ला मला ज्या सरांनी दिला, त्यांच्या नावावर चाळीस शोधनिबंध आहेत आणि कंपनीचा प्रकल्प एकही नाही. उरलेला पैसा घाईत सुटतो, आणि घाईत तोच टिकतो ज्याचे कागद तयार असतात. कंपनीचा वार्षिक कृती आराखडा आधी ठरतो, म्हणून पुढच्या वर्षासाठी दिवाळीनंतर बोलायला लागा. एक वर्षाचा प्रकल्प ३१ मार्चला लटकला तर तो पैसा तुमच्यासाठी राखून ठेवायची सोय नसते. कंपनीच्या संचालक मंडळाने तो 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला असेल तरच तो वेगळ्या खात्यात जातो आणि पुढची तीन वर्षं वापरता येतो. दोन वर्षांचं काम असेल तर दोन वर्षांचंच मागा, 'आधी एक वर्ष बघू' म्हणू नका.

दलालांबद्दल एकच सांगते. "दहा टक्के द्या, मंजुरी आणून देतो" म्हणणारे भेटतील. ते दहा टक्के कुठल्या व्हाउचरवर दाखवणार? ऑडिटच्या दिवशी तो माणूस फोन उचलत नाही, आणि सही तुमची असते. आमच्या सचिवांनी सुचवलेली दुसरी युक्ती म्हणजे कंपनीकडून थेट संस्थेच्या कॉर्पसला, म्हणजे कायम निधीला, देणगी घ्यायची. २०२१ नंतर कॉर्पसला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरला जात नाही, हे त्यांना पटवायला मला दोन बैठका लागल्या.

परदेशी फाउंडेशनचा मोह मलाही पडला होता. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी नसेल तर तो नाद सोडा. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच घ्यावा लागतो, आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला वाटणं बंद झालंय. मोठ्या संस्थेच्या छत्रीखाली आपला छोटा प्रकल्प सरकवायची जुनी वाट आता नाही.

प्रस्तावाचंही थोडं. पहिल्या वेळी माझ्या शीर्षकात 'अभ्यास' आणि 'विश्लेषण' हे शब्द होते. दुसऱ्या कंपनीच्या सीएसआर अधिकारी स्वतः गाव बघायला आल्या. विहिरीवर आमची मुलं बाटल्या भरत होती. प्लास्टिकच्या, कारण काचेला फ्लोराइडचा दगा असतो. एक आजी कमरेवर कळशी घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "गेल्या सालीबी आलता. नेलं पाणी. प्यावं का न्हाई ते काय सांगितलं न्हाई बगा." मला जमिनीत जावंसं वाटलं. आकडे माझ्याकडे होते. भारतीय मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, आणि त्यांच्या विहिरीचं २.१. ते माझ्या लॅपटॉपवर होतं.

त्या रात्री प्रस्ताव पुन्हा लिहिला. प्रत्येक विहिरीवर लाल-हिरवी पाटी, ग्रामसभेत वाचन, वर्षातून दोनदा पुन्हा तपासणी. कोणती कामं सीएसआरमध्ये बसतात ते सांगणाऱ्या कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये सुरक्षित पिण्याचं पाणी आहे, पाण्याची गुणवत्ता राखणं आहे, आमचं काम तिथे बसलं. संशोधनाच्या कलमात आम्ही बसत नव्हतो, ते सरकारी पैशावरच्या प्रकल्पांसाठी आणि सार्वजनिक निधीवरच्या विद्यापीठांसाठी आहे. शोधनिबंध नंतर त्याच आकड्यांतून झाला. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, गुणांसाठी प्रकल्प शोधणाऱ्यांना माझा विरोध नाही, मीही गुण मोजलेत, पूर्ण झालेल्या प्रकल्पाला १० लाखांच्या आत ५ आणि वर १०. पण प्रस्तावात तो वास येऊ देऊ नका, समोरच्यांना लगेच कळतं.

मंजूर झालं. ८ लाख, दोन वर्षं, चार हप्ते. करार संस्थेच्या नावाने, नव्या सचिवांची सही, सीएसआर क्रमांक पहिल्याच पानावर. सही करण्याआधी अण्णांनी पॅनकार्ड शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर बोट लावून ताडलं. त्यात 'मंडळ'नंतरचा स्वल्पविराम सुटलेला निघाला. मी म्हटलं, स्वल्पविरामाने काय होतंय. ते काही बोलले नाहीत, पान पुन्हा प्रिंट करायला पाठवलं.

चौथा हप्ता अजून यायचाय. तिसऱ्याचं उपयोगिता प्रमाणपत्र सीएंच्या टेबलावर आठ दिवस पडून आहे, ४१० रुपयांच्या रिक्षाच्या एका पावतीवर तारीख नाही म्हणून. उद्या अकराला रिक्षावाल्या दादांना शोधायला निघतेय.