जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलताना

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटर बाजारात प्रोसेसरची चौकशी करायला जाण्याआधी घरच्या मशीनचा नेमका मॉडेल नंबर कागदावर लिहून घ्या. ब्रँडेड मशीनमध्ये कोणता प्रोसेसर चालेल हे नुसत्या सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) ठरत नाही. मदरबोर्डचा चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप) आणि कंपनीचं बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) यांवर ठरतं. बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात.

उदाहरण घेऊ. डेल ऑप्टिप्लेक्स ७९० आणि ७०१०, दोन्हींत सॉकेट ११५५. पण ७९० चा क्यू६५ चिपसेट इंटेलच्या दुसऱ्या पिढीवरच थांबतो, त्यात आय७-२६०० च्या पुढे जाता येत नाही. तिसऱ्या पिढीचा आय७-३७७० त्यात व्यवस्थित बसेल, पण मशीन सुरू होणार नाही. ७०१० मध्ये क्यू७७ असल्यामुळे दुसरी आणि तिसरी, दोन्ही पिढ्या चालतात. एचपीतही तीच गत: ८२०० एलिट दुसऱ्या पिढीचा, ८३०० एलिट तिसऱ्याही. चौथ्या पिढीचा प्रोसेसर सॉकेट ११५० चा असतो. त्याच्या खाचा वेगळ्या जागी असल्याने तो ११५५ मध्ये बसतच नाही. जोर लावू नका.

पुढची कृती २०१२ च्या ऑप्टिप्लेक्स ७०१० ची आहे. डेलने २०२३ मध्ये हाच नंबर नव्या मशीनलाही दिला, म्हणून बायोसचं अपडेट शोधताना सर्व्हिस टॅग (मशीनवरच्या स्टिकरचा डेलचा नंबर) टाकूनच शोधा.

आधी फायदा तपासा. आय३-३२२० मध्ये दोन कोअर (काम करणारे भाग) असतात, आय५-३४७० मध्ये चार, आणि आय७-३७७० मध्ये चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). आय३ वरून उडी मारलीत तर फरक लगेच जाणवेल. आय५ असेल आणि काम टॅली, ब्राउझर, टायपिंग एवढंच असेल, तर तेच पैसे एसएसडीत (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घाला. विंडोज ११ साठी हा खटाटोप करू नका. तिला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते.

विजेची काळजी नको. आय५-३४७० आणि आय७-३७७० दोन्ही ७७ वॅटचे, त्यामुळे छोट्या कॅबिनेटचा २४० वॅटचा पॉवर सप्लायही पुरतो. किंमत जास्त मागत असतील तर ‘के’वाला ३७७० घेऊ नका, या बोर्डावर ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) होत नाही.

दुकानात प्रोसेसरच्या पाठीवरची अक्षरं वाचा: आय७-३७७० वर ‘एसआर०पीके’ असतं. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ लिहिलेला नमुन्याचा माल परत करा. खालचे सोनेरी ठिपके काळे किंवा खरवडलेले नकोत. मशीनला लावून दाखवा म्हणा, टेस्टिंगची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा. यूपीएसशिवाय करू नका, मधेच लाइट गेली तर बोर्डच जाईल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर तो आधी थांबवा.

आता मशीन दहा मिनिटं चालवा, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) यांमधली वाळलेली थर्मल पेस्ट मऊ होईल. बंद करा, केबल काढा, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा. वैशाखाच्या कोरड्या हवेत अंगावर स्टॅटिक साठतं, म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावूनच आत हात घाला. पंख्याची वायर काढा. हीटसिंकचे चार स्क्रू तिरपे समोरासमोरचे, थोडे थोडे करून ढिले करा. हीटसिंक ओढू नका. डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा.

खटका खाली दाबून बाहेर सरकवा, झाकण उचला, प्रोसेसर कडेला धरून सरळ वर घ्या. पिना सॉकेटमध्ये आहेत, प्रोसेसरवर नाहीत: बोट, कापड, फुंकर, काहीही तिथे नको. नवा प्रोसेसर सोनेरी त्रिकोण आणि दोन खाचा जुळवून अलगद ठेवा, सरकवू नका. खटका लावताना बराच जोर लागतो, बारीक करकर ऐकू येते, घाबरू नका.

हीटसिंकचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चकचकीत करा. मालव्यातली धूळ पंख्याच्या पात्यांत आणि जाळीत घट्ट बसते. तीही आत्ताच ब्रशने काढा. प्रोसेसरच्या मधोमध मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. जास्त घातली की कडेने बाहेर येते. पंखा जुनाच लावा: डेलचा प्लग बाजारातल्या पंख्यांशी जुळत नाही, आणि पंखा ओळखला नाही की मशीन सुरू होताना चूक दाखवून अडतं. स्क्रू पुन्हा तिरपेच आवळा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही आत्ताच बदला.

एफ२ दाबून बायोसमध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅम दोन्ही वाचा. आठ जीबीची चार दिसली तर बहुधा पिन वाकलेली असते, किंवा हीटसिंक एका बाजूने जास्त आवळलेला असतो. स्क्रू सारखे करूनही रॅम परतली नाही तर सॉकेट भिंगाखाली पाहा. स्क्रीनच आली नाही तर रॅम काढून पुन्हा बसवा.

शेवटी कोअर टेंप (प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्राम) उघडून अर्धा तास जड काम द्या. इंदूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीजवळ असते, तेव्हा पूर्ण लोडवर ८५ अंशांपर्यंत चालेल. ९५ च्या वर जात असेल तर हीटसिंक पुन्हा काढा: पेस्टचा ठसा एका कोपऱ्यात कोरा दिसेल, तिकडचा स्क्रू नीट बसलेला नसतो.