मॅस्टोडॉनवर खातं कसं उघडावं: आधी नियम वाचा, मग नाव घाला

कृष्णेचं पाणी चढू लागलं की सांगलीच्या ग्रुपवर अफवाही चढतात. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. पण मागच्या पुराचा फोटो आजचा म्हणून टाकला, तर तो हटवायचा की नाही हे बड्या ॲपवर दूर कुठेतरी ठरतं. २०१६ साली सुरू झालेल्या मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कला एक मालक नाही. एकमेकांशी पोस्टची देवाणघेवाण करणारे स्वतंत्र सर्व्हर आहेत, प्रत्येकाचे नियम आणि ते पाळले जातात का हे बघणारे मॉडरेटर वेगळे. म्हणून सर्व्हर निवडताना घाई करू नका.

सर्व्हर: जॉइनमॅस्टोडॉन डॉट ऑर्गवरच्या यादीतून निवडा. त्या यादीत येण्यासाठी सर्व्हरला रोजचा बॅकअप, अडचणीत सर्व्हर हाताळू शकणारा दुसरा माणूस आणि बंद करण्याआधी ३ महिन्यांची सूचना, अशा गोष्टी कबूल कराव्या लागतात. मग सर्व्हरचं माहितीपान उघडा. तिथे नियम असतात, आणि चालकाने जाहीर केली असेल तर रोखलेल्या सर्व्हरची यादीही असते, काही ठिकाणी कारणांसह. ती नक्की वाचा. सर्व्हर 'मर्यादित' केलेला असेल, तर तिथल्या पोस्ट फॉलो करणाऱ्यांना किंवा मुद्दाम शोधणाऱ्यांनाच दिसतात. पूर्ण तोडलेला असेल, तर देवाणघेवाणच थांबते. साताऱ्यातला मित्र शोधूनही सापडत नसेल, तर आधी हीच यादी तपासा. फार तोडणारा सर्व्हर एकटा पडतो, काहीच न तोडणाऱ्यावर शिवीगाळ साचते. आमच्या मते कारण लिहून तोडणारा सर्व्हर सर्वांत विश्वासाचा.

खातं: मंजुरी लागत असेल, तर कशासाठी येताय ते दोन ओळींत नीट लिहा. पत्ता देताना नावापुढे सर्व्हरही लिहा, ईमेलसारखा. पोस्टची भाषा मराठी ठेवा. खासगी संदेश सर्व्हरचालक वाचू शकतो, त्यामुळे आधार क्रमांक वगैरे तिथे पाठवू नका.

फिल्टर: नको असलेला शब्द घातला की तो असलेल्या पोस्ट लपतात. इथे मराठीत हमखास गडबड होते. 'निवडणूक' एवढाच शब्द घातला, तर 'निवडणुकीत' सुटतो, कारण ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून 'निवडणूक' आणि 'निवडणुक' दोन्ही घाला आणि 'पूर्ण शब्द' ही खूण काढा. मात्र खूण काढल्यावर छोटा शब्द घालू नका. 'मत' घातलंत तर हळदीची 'किंमत' सांगणारी पोस्टही गायब होईल. सुरुवातीला 'इशारा देऊन लपवा' हाच पर्याय ठेवा, म्हणजे काय अडतंय ते कळतं.

तक्रार: नेमकी पोस्ट जोडा, मोडलेला नियम निवडा. माणूस दुसऱ्या सर्व्हरवरचा असेल, तर तक्रार तिकडेही पाठवण्याची खूण करा. नाहीतर ती फक्त तुमच्या मॉडरेटरकडे राहते.

सर्व्हर बदलणं: आधी फॉलो केलेल्यांची यादी उतरवून घ्या. नव्या खात्यात जुन्याचा पत्ता जोडा, मग जुन्या खात्यातून 'स्थलांतर' करा. फॉलोअर नव्या खात्यावर येतात, पोस्ट जुन्यावरच राहतात. सर्व्हर अचानक बंद पडला तर हे काहीच करता येत नाही, म्हणून यादी अधूनमधून उतरवत राहा.