जुन्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर मधूनच अडकतो? लगेच साइड प्लेट उघडू नका

इथे अमेरिकेत जुनी स्मिथ अँड वेसन मॉडेल 10 अजून भरपूर जणांकडे आहे, आणि तक्रार बहुतेक एकच असते, की ट्रिगर एरवी मस्त चालतो आणि मधेच दगडासारखा घट्ट होतो, परत मोकळा होतो. लोक घाबरून लगेच साइड प्लेट, म्हणजे आतलं यंत्र झाकणारी बाजूची पट्टी, उघडतात. माझं ठाम मत आहे की बऱ्याचदा दोष आतल्या यंत्रात नसतोच, बाहेर सिलिंडरपाशी असतो, म्हणून आधी नुसतं बघायचं.

सुरुवातीला गन रिकामी करा. सिलिंडर बाहेर काढून काडतुसं बसतात त्या सहाही खोबणींत बोट घालून बघा, नुसत्या नजरेवर विसंबू नका, आणि त्या खोलीत एकही काडतूस ठेवू नका. मग डमी राउंड, म्हणजे बारूद नसलेली नकली काडतुसं, भरा, खोबणींना मार्करने 1 ते 6 आकडे टाका आणि नळी सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर अगदी हळू ओढत जा. दरवेळी त्याच आकड्याला जड होतोय का, की कुठेही? सगळं निदान इथेच ठरतं.

त्याच खोबणीला होत असेल तर सिलिंडर उघडून फिरवा आणि इजेक्टर रॉडचं, म्हणजे पुंगळ्या काढायला दाबतो त्या सिलिंडरच्या मधल्या दांडीचं, टोक बघा, ते डोलत असेल तर रॉड वाकलाय. नसेल तर पुंगळ्या बाहेर ढकलणारा जो तारा असतो ना, तो वर उचलून त्याच्या खाली बघा. न जळलेल्या बारुदाचे दोनचार दाणे तिथे बसले तरी तारा केसभर वर राहतो, मागून घासतो आणि ट्रिगर जड लागतो. कोरड्या टूथब्रशने खालची जागा साफ करा, तेल घालू नका, तेलाला कचरा आणखी चिकटतो. आणि पुढच्या वेळी पुंगळ्या काढताना नळी वर धरा म्हणजे दाणे खाली पडून जातात.

कुठेही होत असेल तर पहिला संशय रॉडवर. सिलिंडर धरून रॉड बोटांनी फिरवून बघा, नुसता रॉड फिरला तर आटे सैल झालेत. रॉड पुढे सरकतो, नळीखालच्या लॉकवर दाब देतो, मग सिलिंडर जड फिरतो आणि कधीकधी उघडतच नाही. घट्ट करताना खोबणींत रिकाम्या पुंगळ्या ठेवाच, नाहीतर सगळा जोर ताऱ्याच्या बारीक पिनांवर येतो, आणि रॉड चामड्यात गुंडाळून पकडा. एक लक्षात ठेवा, 1960 च्या आसपास कंपनीने इथले आटे उलटे केले, त्यामुळे तुमची गन कोणत्या काळातली आहे ते बघूनच फिरवा, जोर लावून प्रयोग नको.

फक्त रेंजवरच होतं, घरी होत नाही? मग गन गरम झाल्यावर होतंय का बघा, सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर काजळी साचली की तो नळीला घासतो. जुन्या पुंगळ्या घरी पुन्हा भरून बनवलेली काडतुसं असतील तर प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टिकली, वर राहिलाय का ते बोट फिरवून तपासा. आणि ट्रिगर पूर्ण पुढे येऊ न देता परत ओढायची सवय असेल तरीही अडकल्यासारखं वाटतं, हे फार जणांचं होतं पण कोणी तपासत नाही. बार उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबा.

असे फुसके बार वारंवार होत असतील तर मुठीच्या पुढच्या बाजूचा स्क्रू बघा. तो मुख्य स्प्रिंगला ताण देतो. ट्रिगर हलका व्हावा म्हणून काही लोक तो सैल करतात, मग हॅमरचा, म्हणजे मागच्या घोड्याचा, ठोसा कमी पडतो. तो पूर्ण घट्टच हवा.

एवढं करूनही राहिलं, किंवा ट्रिगर सोडल्यावर सुस्तपणे पुढे येत असेल, तर आत जुनं तेल गोंदासारखं झालेलं असू शकतं. तिथे गनस्मिथ गाठा. स्क्रू ड्रायव्हर घालून प्लेट उचकटली की तिची कड कायमची वाकते, आणि प्लेटचा पुढचा स्क्रू सिलिंडर ज्यावर बाहेर झुलतो तो दांडा धरून ठेवतो म्हणून त्याची जागा बदलून चालत नाही. रिकाम्या गनचा हॅमर मागे चढवून, ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने पुढे ढकलल्यावर तो पडत असेल तर त्या दिवसापासून गोळीबार बंद, थेट गनस्मिथकडे.

महाराष्ट्रात कोणाकडे लायसन्सवर जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर बाहेरची सफाई आणि रिकाम्या गनची तपासणी ठीक आहे, पण 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही वेगळं लायसन्स लागतं, त्यामुळे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या. त्याला कोणता आकडा, गन थंड की गरम आणि कोणती काडतुसं हे लिहून द्या, नाहीतर त्याच्या टेबलावर गन नेमकी नीट चालते आणि तशीच परत येते.